साडेसात वर्षांची वेणी

आमदार रणधीर इंगवले यांनी मुंडण केलं त्या रविवारी नांदगिरीत आणखी त्र्याण्णव जणांनी मुंडण केलं. त्यातल्या निम्म्यांना ते कशासाठी हे माहीत नव्हतं. साहेबांनी केलं म्हणून केलं, एवढंच. देवळासमोर मांडव घातला होता, पाच न्हावी बसवले होते आणि डोकं झालं की प्रत्येकाला एक टोपी फुकट मिळत होती. आमदार माइकवर म्हणाले, "आईच्या आरोग्यासाठी मी हा नवस बोललो होतो." त्यांची आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला गेल्या दहा वर्षांत साधी सर्दी झालेली मी पाहिलेली नाही, आणि मी बघितलं असतं, कारण मी तिची सून आहे. मी ऊर्मिला. माइकवरचा तो माणूस माझा नवरा.

नवस कसला! शुक्रवारी कोर्टाचा हुकूम निघाला होता. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेची माणसं आमदारांच्या केसांचा नमुना घ्यायला येणार होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद रंगकारखान्यात एमडीची, म्हणजे नशेची, पावडर बनत होती आणि फेब्रुवारीतल्या छाप्यात तीन पिंपं भरून माल सापडला होता. आरोपी दोन. एक आमदार, जामिनावर बाहेर. दुसरा कारखान्याचा कागदोपत्री मालक, कोठडीत. तो मालक म्हणजे माझा भाऊ, सुहास.

सोमवारी माणसं आली तेव्हा आमदारांच्या अंगावर भुवयांसकट एक केस नव्हता. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्याला प्रसादाचा पेढा देत होते.

सुहास चिपळूणला शाळेत चित्रकला शिकवतो. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चोविसाव्या वर्षी त्याला टक्कल पडायला लागलं आणि तिशीला ते काम पूर्ण झालं. भाऊबीजेला ओवाळून घेताना डोक्यावर काहीतरी हवं म्हणून तो खिशातला हातरुमाल काढून डोक्यावर ठेवतो. दरवर्षी मी कुंकू लावायला गेले की तो रुमाल घसरतो, दरवर्षी आम्ही दोघं हसतो.

अडीच वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला आमदार मुद्दाम पाटाजवळ येऊन बसले. म्हणाले, "सुहासराव, यंदा बहिणीला खरी ओवाळणी घाला. एक बंद कारखाना घेतोय. माझ्या नावावर घेतला तर विरोधक उद्याच बोंब मारतील. तुमच्या नावावर घेऊ. मालक तुम्ही, फायदा तुमच्या ताईचा."

सुहासनं कागद वाचले नाहीत. ओवाळणीचे कागद कुणी वाचतं का? त्यानं खिशातलं चित्रांचं पेन काढलं, सात ठिकाणी सह्या केल्या आणि गठ्ठा माझ्या तबकात ठेवला. ओवाळणी घ्यावी तशी मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि कपाळाला लावली. कागदाला माझं कुंकू लागलं. पुढे पोलिसांनी जप्त केलेल्या फायलीत ते कुंकू अजून आहे, मी पाहिलंय.

पोलिसांनी त्याला वर्गातून उचललं. आमदारांनी त्याच दुपारी पत्रकारांना बोलावून सांगितलं, "सख्ख्या मेहुण्यानं माझा विश्वासघात केला." कारखान्यातल्या दोन कामगारांनी जबाब दिला की टकले मालक यायचे, आमदार कधी दिसले नाहीत. त्या दोघांना हे कुणी शिकवलं ते सांगायला नको. सुहास बिचारा स्वतःच ओरडत होता, "माझे केस तपासा, मी त्या कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही." तपासणार काय? डोक्यावर केस नाहीत, दाढी रोजची. हातापायांवरचे केस नेले, पण त्यांचा उपयोग झाला नाही.

मंगळवारी सकाळी आमदार पोहे खायला बसले होते. मी चहा ओतत विचारलं, "सुहासचं काय होणार?"

"वीस वर्षांची शिक्षा सांगितलीय कायद्यात. अपिलात कमी करून घेऊ. बारा धर."

"बारा वर्षं?"

"मग काय करू? मी जाऊ? हे घर कोण चालवणार, मतदारसंघ कोण बघणार, आपल्या ओवीचं लग्न कोण करणार? त्याला बायको ना पोर. मास्तर माणूस, आतपण चित्रं काढेल." त्यांनी तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आता आणा म्हणावं ते केस वाचणारं यंत्र. एक केस ठेवला नाही."

मी वाकून कप ठेवला तशी माझी वेणी खांद्यावरून पुढे आली आणि तिचं टोक त्यांच्या ताटाकडे गेलं. त्यांनी ती डाव्या हातानं बाजूला सारली.

"बांध ते आधी. केस पडतील पोह्यात."

मी वेणी मागे टाकली. स्वयंपाकघरात आले, किटली ओट्यावर ठेवली आणि तिथंच उभी राहिले. माझी वेणी कंबरेच्या खाली येते. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बजावलं होतं, सवाशिणीनं केसाला कात्री लावायची नाही. एकवीस वर्षं मी लावलेली नाही. घरातल्या कुत्र्याचेसुद्धा केस कापून घेईल एवढा सावध माणूस, पण बायकोच्या डोक्यावर केस असतात हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आणि मला शुक्रवार आठवले.

दर गुरुवारी आमदार मठात जायचे. फोन ड्रायव्हरकडे ठेवून, गेटवरच्या पोलिसाला "मठात बंदूक नको" असं सांगून, एकटेच. शुक्रवारी सकाळी परत यायचे. गुरुवारचे ते पांढरे कपडे मीच हातानं धुवायचे आणि मीच खळ करायची असा त्यांचा हुकूम होता. मशीन नाही, मोलकरीण नाही. मला त्या वेळी त्यात मोठा मान वाटला होता, इतकी मी मूर्ख. त्या कपड्यांना घशात बसणारा उग्र वास यायचा. बादलीवर वाकलं की डोळ्यांतून पाणी यायचं, बोटांची सालं निघायची. विचारलं तर म्हणायचे, "मठातला धूप आहे."

सुहासच्या वकीलबाईंना घेऊन मी विभागीय प्रयोगशाळेत गेले. केशवाचक यंत्र तिथं गेल्याच वर्षी बसवलं होतं. ते चालवणाऱ्या डॉक्टर नफीसा मुजावर माझ्याच वयाच्या होत्या, बारीक, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझी वेणी हातात घेतली आणि पट्टी लावली.

"नव्वद सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साडेसात वर्षं आहेत ही, ताई. आपण खातो, पितो, हुंगतो, कातडीतून जे आत जातं, ते रक्तात उतरतं. मुळाशी केस तयार होत असताना त्यातला अंश केसाच्या आत कोंडला जातो. एकदा कोंडला की निघत नाही. केस पुढे सरकतो, नवा दिवस मुळाशी येतो. बाहेरून उडून बसलेली धूळ आम्ही धुऊन टाकतो. आतलं राहतं."

"आणि दिवस कसा कळतो?"

"जुनी यंत्रं महिना सांगायची. हे केसाचे इतके बारीक काप करतं की दिवस सांगतं. फक्त वाढीचा वेग प्रत्येकीचा वेगळा असतो, म्हणून एक खात्रीची तारीख लागते. तुमचं कधी ऑपरेशन झालंय?"

"अपेंडिक्स. चार वर्षांपूर्वी, पंचवीस नोव्हेंबर."

"झकास. भुलीचं औषध केसात मिळेल. तिथून आजपर्यंतचे दिवस मोजले की तुमचं कॅलेंडर पक्कं." मग त्यांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. एमडी खाणाऱ्याच्या केसात तयार पावडरीचे अंश मिळतात. ती बनवणाऱ्या किंवा बनवणाऱ्याचे कपडे धुणाऱ्या माणसाच्या केसात अर्धवट बनलेली रसायनं मिळतात, कारखान्याबाहेर जी कुणाच्या नशिबी येत नाहीत. शिवाय प्रत्येक कारखान्याच्या मालात त्याची त्याची भेसळ असते. तीन पिंपांतला माल प्रयोगशाळेत होताच. जुळवून बघायला किती वेळ लागणार?

"सुहासच्या हातावरचे केस का चालले नाहीत?" मी विचारलं.

"अंगावरचा केस थोडा वाढतो आणि थांबतो. तो कधीचा ते सांगता येत नाही. म्हणून त्यात काही सापडलं नाही तरी कोर्ट त्याला निर्दोष मानत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आता दोन गोष्टी ऐका. एक, तुमच्या केसात सापडलं तर पहिला संशय तुमच्यावर येईल."

"आमच्या गेटवर आमदारांच्या संरक्षणासाठी पोलीस असतो. आत-बाहेर गेलेल्याची नोंद तो वहीत करतो. गुरुवारी हे बाहेर आणि मी घरात, अशी अडीच वर्षांची नोंद आहे."

वकीलबाई पहिल्यांदा हसल्या.

"दुसरी," डॉक्टर म्हणाल्या, "यंत्र निवड करत नाही. जे सापडेल ते सगळं अहवालात येतं, आणि कायद्यानं पूर्ण अहवाल दोन्ही बाजूंना द्यावा लागतो. ते भर कोर्टात वाचतात. तुम्ही कुठली औषधं घेता?"

मी वकीलबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

ओवी झाल्यानंतर मला दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा आमदारांनी गाडीतून एका डॉक्टरकडे नेलं, मागच्या दारानं. दोन्ही वेळा मुलगी होती, आणि दोन्ही वेळा परत येताना माझं पोट रिकामं होतं. तिसऱ्यांदा मी जाणार नव्हते. तेव्हापासून नऊ वर्षं मी रोज गोळी घेते. डाळीच्या डब्यात तळाशी पाकीट असतं. घरात कुणालाही माहीत नाही.

नवऱ्याची मला पर्वा नव्हती. पण आत्याबाईंनी नऊ वर्षांपूर्वीच देवीला शब्द दिला होता की नातू मांडीवर आल्याशिवाय पायात चपला घालणार नाही. नऊ उन्हाळे ती बाई अनवाणी हिंडली. बाजार, लग्नं, मयतं, शेत, सगळं अनवाणी. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन कोकमतेल चोळायची आणि त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायच्या, "होईल गं. देवीला काळजी हाय." मग मी आत जाऊन डाळीचा डबा उघडायची.

हे मी डॉक्टर मुजावरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन विचार करा."

"घरी गेले तर घेणार नाही निर्णय. कापा."

त्यांनी मागच्या बाजूनं, कातडीला लागून, पेन्सिलीएवढ्या जाडीची बट कापली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी कात्रीचा आवाज कानामागे ऐकला.

कोर्टाच्या आदल्या दिवशी मी पुण्याला ओवीला फोन केला. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी तिनं माझ्याकडून ऐकावं, म्हणून सगळं सांगितलं. बाबांचं, मामाचं, गोळीचं, त्या दोघींचं. ती एकोणीस वर्षांची आहे आणि एरवी मला वाक्य पुरं करू देत नाही. या वेळी मध्ये एकदाही बोलली नाही.

शेवटी म्हणाली, "मग मी कशी वाचले?"

"तू पहिली होतीस. पहिलीला सवलत होती."

तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल वाचला गेला. कोर्ट गच्च भरलं होतं. त्र्याण्णवांपैकी बरेच जण आले होते, डोक्यावर नखभर केस उगवलेले. आत्याबाई पहिल्या बाकावर, मुलाच्या मागे. डॉक्टर मुजावरांनी पडद्यावर माझा केस दाखवला, आडवी लांब रेघ, आणि रेघेवर उभे सुळके. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत सपाट. मग दर सात दिवसांनी एक सुळका. तो शुक्रवारी. एकशे आठ शुक्रवार. मधले जे चुकले ते विधानसभेच्या अधिवेशनाचे होते. पिंपांतला माल आणि माझ्या केसातला माल, भेसळीसकट एकच.

सरकारी वकिलांनी मग मला साक्षीला उभं करून विचारलं, "यातल्या किती शुक्रवारी आरोपी सुहास तुमच्या घरात होता?"

"एकाही नाही. तो वर्षातून एकदा येतो, भाऊबीजेला," मी म्हणाले. "आणि गेल्या दोन्ही भाऊबीजा शुक्रवारी नव्हत्या."

आमदार माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, वेणीकडे. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती नीट पाहिली असावी.

मग त्यांचे वकील उठले. पंचावन्न-साठचा माणूस, गोड आवाजाचा. त्यांनी अहवालाचं शेवटचं पान उघडलं.

"डॉक्टर, या सपाट भागातही रोज काहीतरी सापडलंय. टोकापासून मुळापर्यंत. ते काय आहे, कोर्टाला सांगाल?"

डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक."

"रोज?"

"रोज."

"साडेसात वर्षं! न्यायाधीश महाराज, एक कुटुंब वारसासाठी देवाला साकडं घालतंय, वृद्ध सासू अनवाणी हिंडतेय, आणि ही बाई रोज रात्री त्यांना फसवतेय. जी नवऱ्याला इतकी वर्षं फसवू शकते, तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

"माझ्या शब्दावर ठेवू नका," मी म्हणाले. "केसावर ठेवा. वाटलं तर गोळ्या का घेतल्या तेही विचारा. पण नीट विचार करून विचारा, कारण मग मागच्या दाराच्या त्या डॉक्टरचं नाव मी इथंच सांगेन."

वकील आमदारांकडे वळून बघू लागले. आमदारांनी मान हलवली, नको म्हणून. वकील खाली बसले.

मी पहिल्या बाकाकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलं. आत्याबाई स्वतःच्या पायांकडे बघत होत्या.

दुपारी आमदारांचा जामीन रद्द झाला. सुहासला सोडायचा हुकूम झाला, पण कागद तुरुंगात पोचायला संध्याकाळ होणार होती. मी तेवढ्यात माझं सामान आणायला घरी गेले. गेटवरच्या पोलिसानं वहीत माझी वेळ लिहिली. चपला उंबऱ्याबाहेर काढून मी आत गेले आणि दोन पिशव्या भरल्या. कपडे, ओवीचे लहानपणचे फोटो, ओवाळायचं तबक.

आत्याबाई सोप्यात भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. मी समोरून जाऊ लागले तशा म्हणाल्या, "थांब."

मी थांबले.

"माझा ल्योक आत घातलास. नातू येऊच दिला न्हाईस. आता काय ऱ्हायलंय ह्या घरात? घेऊन जा की त्येबी."

"तुमच्या लेकाला मी आत घातलं नाही, आत्याबाई. त्यानं माझ्या भावाला घातलं होतं."

"त्ये मला सांगू नगंस. मला एकच सांग. नऊ वर्षं रोज माझ्या टाचंला त्याल लावत हुतीस. कशापायी? हसत हुतीस व्हय मनात?"

"दुखत होत्या म्हणून लावत होते."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तेव्हाच निघून जायला हवं होतं. पण नऊ वर्षांचं माझ्याकडेही साठलं होतं.

"आत्याबाई, त्या दोघी गेल्या तेव्हा तुम्ही काय सोडलं होतं? येणाऱ्या नातवासाठी चपला सोडल्यात. गेलेल्या नातींसाठी एक वेळचं जेवण तरी?"

त्या उठल्या. हात भिंतीला धरून, सावकाश. मला वाटलं मारणार. त्या माझ्याजवळ आल्या, माझी वेणी धरली, उलटी केली आणि मागची कापलेली जागा बघितली. पेन्सिलीएवढी. तिथं आता नखभर खुंट उभे होते. त्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला, जोरात, दुखेपर्यंत.

"कात्री लावलीस," त्या म्हणाल्या. बाकी काही नाही. मग वेणी सोडली आणि उंबऱ्याकडे चालत गेल्या.

मी पिशव्या उचलून त्यांच्या मागोमाग गेले. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या. आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग दाराची चौकट धरून त्यांनी उजवा पाय एका चपलेत घातला, मग डावा. नऊ वर्षांत सवय मोडलेली, बोटं पट्ट्यात नीट बसेनात. टाचा मागून बाहेर राहत होत्या. तशाच फटफट वाजवत त्या अंगण ओलांडून गेटबाहेर पडल्या, देवळाच्या रस्त्याला लागल्या आणि एकदाही मागे वळल्या नाहीत. पोलिसानं वहीत त्यांची वेळ लिहिली.

घरात माझ्या चपलांचे आणखी दोन जोड होते. पण त्या आणायला मला परत उंबरा ओलांडावा लागला असता.

एस.टी. स्टँड तिथून दीड किलोमीटर. दुपारचे तीन वाजले होते, डांबर मऊ झालं होतं. पहिल्या शंभर पावलांतच तळपाय भाजून निघाले आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेच्या वाळलेल्या गवतावरून चालू लागले. सोबत पिशवीतलं तबक वाजत होतं. त्र्याण्णवांपैकी दोघं-तिघं चहाच्या टपरीवर उभे होते. त्यांनी माझे अनवाणी पाय पाहिले आणि एक जण म्हणाला, "वहिनींनी साहेबांसाठी नवस बोलला वाटतं."

मी चालत राहिले. सहाच्या आत मला तुरुंगाच्या दाराशी पोचायचं होतं.